नेमणूकपत्र मागे घेतलेला ग्रंथपाल

नोकरीचे पत्र घरात येते तेव्हा काय होते, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या वेळी पोस्टमन चाळीत शिरला आणि त्याच्या हातात लांबट सरकारी पाकीट दिसले की आमच्याआधी शेजारपाजारचेच दारात जमत. आमच्या आईला अक्षर येत नव्हते. तिने ते पत्र उलटसुलट करून पाहिले, खालचा गोल शिक्का बोटाने चाचपला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवले. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला. आम्ही वाचनालयात शिपाई म्हणून लागलो तो असा. पुढे परीक्षा देऊन लिपिक झालो, पुस्तकांची कार्डे लिहू लागलो, आणि आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. ते पहिले पत्र मात्र अजून ट्रंकेत जपून ठेवले आहे.

म्हणून एका माणसाला ग्रंथपालाच्या जागेचे पत्र मिळाले, त्याने होकार कळवला, बिऱ्हाड हलवले, आणि रुजू होण्याआधीच ती नेमणूक मोडली, ही हकीकत कानावर आली तेव्हा आमचे मन तिथेच अडकले. माणूस अमेरिकेतला. नाव मायकेल मॅकॉनेल. नेमणूक का मोडली? तर त्याने मधल्या दिवसांत लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, आणि ज्याच्याशी लग्न करायचे तोही पुरुषच होता.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. कसे वाटत होते आणि त्यापायी आमच्या हातून काय घडले, ते पुढे सांगूच. २०१५ सालच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला. त्या निकालात १९७२ सालचा एक जुना निकाल नाव घेऊन रद्द केला होता. आमची पुतणी वकिलीचा अभ्यास करते. ती म्हणाली, “काका, हा जुना खटला ज्यांचा ना, त्यांतला एकजण तुमच्यासारखाच लायब्ररीतला होता.” मग तिने इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीत सांगायचे, आम्ही आणि आमच्या मंडळींनी ऐकायचे, असे आमच्याकडे कितीतरी रविवार चालले.

मॅकॉनेल यांचा जन्म १९४२ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन या गावचा. पुस्तकांची आवड, म्हणून ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले. १९६६ साली त्यांची जॅक बेकर यांच्याशी ओळख झाली. बेकर त्याच वर्षी जन्मलेले, लहानपणीच आईबाप गेलेले, वसतिगृहात वाढलेले, हवाई दलात नोकरी करून आलेले. १० मार्च १९६७ रोजी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, बेकरांनी विचारले, आपण जन्मभर एकत्र राहायचे का? मॅकॉनेल म्हणाले, राहू, पण एका अटीवर. आपले लग्न कायद्याने झाले पाहिजे. कसे करायचे ते तू शोधून काढ.

ही अट घातली गेली तेव्हा जगात कुठेच दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता येत नव्हते. इतकेच काय, गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करणे हासुद्धा त्या दिवशी अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता. ती बंदी सुप्रीम कोर्टाने जून १९६७ मध्ये उठवली, म्हणजे या दोघांचे बोलणे झाल्यावर तीन महिन्यांनी. बेकरांनी अट मनावर घेतली आणि १९६९ साली मिनेसोटा विद्यापीठात कायद्याच्या वर्गात नाव घातले. मॅकॉनेल त्या वेळी मिसुरी राज्यातल्या पार्क कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकखरेदीचे काम पाहत होते. एक इकडे, एक तिकडे. दोघांना एका गावात राहता यावे म्हणून त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्ज केला.

१९७० सालच्या वसंतात त्यांची निवड झाली. सेंट पॉल येथील शाखेच्या ग्रंथालयात तालिका विभागाचे प्रमुखपद. वाचकहो, पुस्तक नवे आले की ते थेट कपाटात जात नाही. आधी ते कशावर आहे हे ठरवायचे, त्याला विषयाचे नाव द्यायचे, क्रमांक घालायचा, कार्ड लिहायचे आणि मगच ते आपल्या जागी ठेवायचे. हे काम चुकले तर पुस्तक असून नसल्यासारखे होते. आम्ही हेच काम बावीस वर्षे केले म्हणून त्या पदाची किंमत आम्हाला कळते. तिथे प्रमुख म्हणून बोलावणे आले म्हणजे हा माणूस कामात चोख असणार.

१८ मे १९७० रोजी दोघे कोट-टाय घालून मिनियापोलिसच्या कचेरीत गेले आणि त्यांनी लग्नाच्या परवान्याचा अर्ज भरून दिला. मिनेसोटाच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचेच असावे असे कुठेही लिहिलेले नव्हते, हे बेकरांनी कायद्याची पुस्तके चाळून हेरले होते. (ते वाक्य नंतर, १९७७ साली, कायद्यात घालण्यात आले.) बातमीदार आले, फोटो निघाले. जेराल्ड नेल्सन नावाच्या कारकुनांनी वरिष्ठांना विचारले आणि परवाना नाकारला. आणि जुलै महिन्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठराव केला की, वर्तमानपत्रांतून दिसणारे या गृहस्थांचे वर्तन विद्यापीठाच्या हिताचे नाही, सबब नेमणूक मंजूर नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर आमची मंडळी हातातली भाजी खाली ठेवून म्हणाली, “अगं, पण पगार सुरू होईपर्यंत थांबायचं होतं ना. एकदा कायम झाले की मग काय ते अर्ज करायचे. घाई कसली होती?”

घराघरांतून विचारला जाणारा हा प्रश्न आहे, आणि तो काही मूर्खपणाचा नाही. हातातोंडाची गाठ पडली पाहिजे हे ज्याला माहीत आहे तोच हा प्रश्न विचारतो. आम्हीही आयुष्यभर असेच वागलो. भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा आडनाव सांगताना जीभ जड झाली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण पुतणीने पुढचे वाचून दाखवले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोर्टाच्याच तोंडून आले.

मॅकॉनेल कोर्टात गेले. सप्टेंबर १९७० मध्ये जिल्हा न्यायाधीश फिलिप नेव्हिल यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचे म्हणणे सरळ होते. पुस्तकांच्या नोंदी करण्याचे काम आणि या माणसाचे खाजगी आयुष्य यांचा संबंध काय? त्याच्यामुळे कामात बिघाड होईल असे विद्यापीठाने कुठे दाखवले आहे? विद्यापीठाने अपील केले. जागा काही मिळाली नाही, अपील मात्र वर्षभर चालले. ऑक्टोबर १९७१ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. काय म्हणून? ते न्यायाधीश म्हणाले, हा माणूस समलिंगी आहे किंवा गुपचूप तसा राहू इच्छितो, एवढाच हा प्रश्न नाही. त्याला हे उघडपणे करायचे आहे, समाजात त्याला मान्यता मिळवायची आहे, आणि नोकरी देणाऱ्या संस्थेनेही ती मान्यता दिल्यासारखे व्हावे असे त्याला हवे आहे. तसा हक्क त्याला नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७२ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

म्हणजे गप्प राहिला असता तर पगार मिळाला असता. तोंड उघडले, रीतसर अर्ज केला, सहीनिशी हक्क मागितला, म्हणून नोकरी गेली. पुतणीने हे दोनदा वाचले. आमची मंडळी काहीच बोलली नाही, भाजी निवडू लागली.

आता आमचे सांगतो. मनात होते ते इतकी वर्षे कुणाला सांगितले नाही.

१९८० नंतरच्या कुठल्याशा वर्षी आमच्या वाचनालयात एक मुलगा येत असे. कॉलेजातला असावा. मध्यम उंची, चष्मा, हातात कापडी पिशवी. तो कार्डांच्या खणांपाशी तासन् तास उभा राही. खण ओढायचा, कार्डे पुढे-मागे करायचा, खण लावायचा, दुसरा ओढायचा. एवढा वेळ लावणारा माणूस एकतर अभ्यासू असतो किंवा त्याला हवे ते सापडत नसते. एक दिवस तो आमच्या टेबलाशी आला आणि खाली बघत म्हणाला, “ज्यांना बायकांचं आकर्षण वाटत नाही, अशा पुरुषांवर काही पुस्तक आहे का?” वाक्य त्याने पाठ करून आणलेले असावे.

पुस्तक होते. एक इंग्रजी, मानसशास्त्रावरचे, एकूण दोन प्रकरणे त्या विषयावर. त्याचे कार्ड आम्हीच लिहिले होते, आणि विषयाच्या जागी लिहिले होते ‘मनोविकृती’. आमच्या मनचे ते नव्हते, छापील याद्यांत जे दिले होते तेच आम्ही उतरवले होते. पण मुलाला आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, “असली पुस्तके इथे ठेवत नाहीत.” आवाज थोडा चढवूनच म्हणालो. बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर करून पाहिले. मुलगा गेला तो पुन्हा आला नाही. त्याची अनामत रक्कम न्यायलाही आला नाही. वर्षअखेरीला सभासदांची जुनी नावे कमी करायची असतात, तेव्हा त्याच्या नावावर आम्हीच रेघ मारली.

मायकेल मॅकॉनेलची गोष्ट ऐकताना हा मुलगा आम्हाला सारखा आठवत होता. कारण त्या गोष्टीत खण ओढून शोधणारी माणसे पुष्कळ आहेत. बार्बरा गिटिंग्ज नावाच्या एक बाई होत्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, पण १९४९-५० च्या सुमारास कॉलेजात असताना आपण कोण आहोत हे कळावे म्हणून त्यांनी ग्रंथालये पालथी घातली. जे मिळाले ते रोगांच्या, विकृतींच्या आणि गुन्ह्यांच्या पुस्तकांत मिळाले. पुढे १९७० साली, मॅकॉनेलची नेमणूक अडकली त्याच उन्हाळ्यात, अमेरिकन ग्रंथालय संघाच्या डेट्रॉइट येथील अधिवेशनात इस्रायल फिशमन या ग्रंथपालाने समलिंगी ग्रंथपालांचा एक गट उभा केला. कोणत्याही व्यवसायाच्या संघटनेत असा गट निघण्याची ती पहिलीच वेळ मानतात. गिटिंग्जबाई त्यात आल्या आणि पुढे पंधरा वर्षे त्यांनी त्याचे काम सांभाळले. ग्रंथालयात ठेवण्याजोग्या चांगल्या पुस्तकांची यादी करायला बसले तेव्हा सारी मिळून जेमतेम तीन डझन नोंदी भरल्या. १९७१ च्या डॅलस अधिवेशनात मॅकॉनेलच्या नोकरीचा प्रश्न या लोकांनी लावून धरला, आणि समलिंगी म्हणून कुणाची नोकरी हिरावू नये असा ठराव सभासदांकडून मंजूर करून घेतला.

त्यांनी आणखी एक काम केले, ते आमच्या धंद्यातले म्हणून आम्हाला सर्वांत मोठे वाटते. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीच्या वर्गीकरणात या विषयाची पुस्तके ‘अनैसर्गिक लैंगिक संबंध’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली जात. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९७२ साली ती तिथून काढून साध्या मथळ्याखाली आणली गेली. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. एका ओळीची फेरफार! पण त्या लायब्ररीच्या याद्या जगभर वापरतात. तिथे चुकीचे नाव पडले की ते हजारो गावांतल्या लाखो कार्डांवर उतरते. आमच्या हातानेही ते तसेच उतरले होते.

मॅकॉनेलना शेवटी नोकरी मिळाली ती हेन्नेपिन काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे. गंमत अशी की लग्नाचा परवाना नाकारणारी कचेरीही याच काउंटीची. एका दाराने हाकलले, दुसऱ्या दाराने आत घेतले. तिथे त्यांनी ३७ वर्षे काम करून निवृत्ती घेतली. त्याच ग्रंथालयात १९७३ पासून सॅनफर्ड बर्मन हे तालिकाप्रमुख होते. बर्मन त्याआधी आफ्रिकेत झांबिया देशात ग्रंथपाल होते. ‘काफिर’ या मथळ्याखाली कृष्णवर्णीय आफ्रिकनांची पुस्तके लावायची प्रथा होती, आणि तो शब्द तिथे शिवी आहे हे त्यांना तिथल्या माणसांकडून कळले. तेव्हापासून हा माणूस मथळ्यांच्या मागेच लागला. १९७१ साली त्यांनी एक पुस्तकच लिहिले. कुठल्या जमातीला, कुठल्या धर्माच्या लोकांना, स्त्रियांना, समलिंगी माणसांना ग्रंथालयाच्या याद्या कोणत्या हिणकस नावाने हाक मारतात, ते त्यात एकेक करून दाखवले आहे. दुसऱ्याने ठेवलेले नाव जन्मभर वागवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

लग्नाचे काय झाले, ते राहिलेच. हा भाग ऐकताना आमच्याकडे हसणे थांबेना. परवाना नाकारल्यावर खटला एकीकडे चालू ठेवून या दोघांनी दुसरीकडून वाट काढली. ऑगस्ट १९७१ मध्ये मॅकॉनेलनी बेकरांना कायद्याने दत्तक घेतले! दोघे एकाच वयाचे, २९ वर्षांचे. यात वारसाहक्काची सोय होती, आणि दत्तकविधानातच बेकरांनी आपले नाव बदलून पॅट लिन मॅकॉनेल असे घेतले. हे नाव पुरुषाचेही असू शकते आणि बाईचेही. मग मॅकॉनेल एकटेच मॅन्कॅटो या दुसऱ्या गावी गेले, तिथल्या कचेरीत अर्ज दिला, आणि १६ ऑगस्ट रोजी परवाना हातात पडला. ३ सप्टेंबर १९७१ रोजी मिनियापोलिसमध्ये एका मित्राच्या घरी रॉजर लिन या मेथॉडिस्ट पाद्र्यांनी लग्न लावले. दोघांनी पांढरे पोशाख केले होते आणि केकवर दोन नवरदेव होते.

कचेरीला उमगले तेव्हा तिने ते लग्न दप्तरात नोंदवायचे नाकारले.

इकडे पहिला खटला राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे आला. सुनावणी त्याच सप्टेंबरची. वकील बोलायला उभे राहिले तेव्हा एका न्यायमूर्तींनी आपली फिरती खुर्ची वळवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. बाकीच्यांपैकी एकानेही एक प्रश्न विचारला नाही. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाचा १९६७ चा निकाल वकिलांनी दाखवला. कोर्ट म्हणाले, वर्णाचा भेद वेगळा आणि स्त्री-पुरुष हा भेद वेगळा. १५ ऑक्टोबर १९७१ ला निकाल विरुद्ध गेला. वर अपील केले, तर १० ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका वाक्यात ते काढून टाकले. यात राज्यघटनेचा विचार करण्याजोगा प्रश्नच नाही, एवढेच ते वाक्य. पुढची चाळीस वर्षे कुठल्याही राज्यातले समलिंगी जोडपे कोर्टात गेले की सरकारी वकील हे वाक्य काढून टेबलावर ठेवीत.

आम्हाला विचाराल तर या माणसाचे धैर्य कोर्टकचेऱ्यांपेक्षा त्यानंतरच्या काळात दिसते. १९७२ नंतर बातमीदार येईनासे झाले. बेकर विद्यापीठात विद्यार्थी संघाचे दोनदा अध्यक्ष निवडून आले होते, वकील झाले. मॅकॉनेल सकाळी ग्रंथालयात जात आणि संध्याकाळी घरी येत. मधून एकदा बेकरांच्या सैनिकी सवलतीत पती म्हणून आपलाही हिस्सा धरावा असा दावा मॅकॉनेलनी केला, तोही १९७६ मध्ये फेटाळला गेला. तरी कुणी विचारले की दोघे एकच उत्तर देत. आमचे लग्न झालेले आहे, परवाना खरा आहे. दप्तरात नोंद नसलेले लग्न त्यांनी अशी चार दशके आणि वर काही वर्षे केली. आमच्या ओळखीत वाजतगाजत झालेली आणि रजिस्टरात नोंदलेली किती लग्ने दहा वर्षेसुद्धा टिकली नाहीत, ते आम्ही इथे मोजत बसत नाही.

मध्यंतरी पुतणीने आम्हाला एक अशी गोष्ट सांगितली की आम्ही खजील झालो. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पुष्कळांना ऐकून माहीत असेल. त्यांनी वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना छापील उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते, आणि त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई हायकोर्टात कर्व्यांचे वकीलपत्र घ्यायला कोण उभे राहिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ज्यांच्या तसबिरीपुढे आमच्या आईने नेमणुकीचे पत्र ठेवले, ते एका संपादकासाठी हायकोर्टात उभे राहिले होते. अशा प्रश्नांची उत्तरे छापली, एवढाच त्याचा गुन्हा. आणि पन्नासेक वर्षांनंतर तोच प्रश्न घेऊन आमच्या टेबलाशी आलेल्या मुलाला आम्ही वाचनालयाचे दार दाखवले.

असो. २०१२ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, मिनेसोटा विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष एरिक केलर यांनी मॅकॉनेलची माफी मागितली आणि त्या वेळी झालेली वागणूक निंद्य होती असे म्हटले. १ ऑगस्ट २०१३ पासून मिनेसोटात समलिंगी विवाह कायदेशीर झाले. मित्रांना वाटले, आता हे दोघे पुन्हा अर्ज करतील. त्यांनी केला नाही. झालेले लग्न पुन्हा कशाला करायचे? २६ जून २०१५ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरुद्धचा ते एक वाक्य असलेला निकाल रद्द केला. १८ सप्टेंबर २०१८ रोजी मॅन्कॅटोच्या कोर्टात न्यायाधीश ग्रेगरी अँडरसन यांनी हुकूम दिला की १९७१ चे लग्न सर्व बाबतीत वैध आहे, सबब त्याची नोंद करावी. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला, आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले होते. ते आमच्या इथल्या कितीतरी घरांत बोलले गेलेच नाही. लग्नाचा हक्क मात्र आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानेही मिळालेला नाही.

२०१९ साली अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याने त्यांना पती-पती म्हणून मान्य केले आणि जोडीदाराचे मासिक पैसे लागू केले. पन्नास वर्षांपूर्वीची अट पुरी झाली तेव्हा दोघांचे वय सत्त्याहत्तरच्या आसपास होते.

“म्हणजे पेन्शन लागली,” आमची मंडळी म्हणाली. तिला सबंध गोष्टीत हे सर्वांत आवडले.

आम्हाला आवडले ते वेगळे. मॅकॉनेल यांनी अर्ज, नकारपत्रे, कोर्टाचे कागद, लोकांची आलेली पत्रे, कात्रणे सारे सांभाळून ठेवले होते. ग्रंथपालच तो, कागद कसा टाकील? ती खोकी आता कुठे आहेत? मिनेसोटा विद्यापीठाच्याच ग्रंथालयात. मिसिसिपी नदीच्या काठच्या कड्यात, जमिनीखाली, लेण्यांसारख्या खोल कोरलेल्या दालनांत ती ठेवली आहेत. त्यांचा त्यांच्या नावाचा संग्रह आहे आणि त्याची रीतसर तालिका केलेली आहे. ज्या खात्यात त्यांना बसू दिले नाही, त्याच खात्यातल्या कुणीतरी बसून त्यांच्या एकेका कागदाची नोंद केली आहे.

पुतणीने ती यादी आम्हाला मोठ्या अक्षरांत करून दाखवली. आम्ही सवयीने आधी विषयाचा मथळा पाहिला. मग तिला म्हटले, आमच्या जुन्या वाचनालयात एकदा घेऊन चल. त्या इंग्रजी पुस्तकाचे कार्ड अजून खणात असेल तर ते बघायचे आहे.